आगाशे काकांची प्रिलिम

आगाशे काका कुणाच्याही घरात शिरले की आधी छताकडे बघतात. नमस्कार नंतर. बूट काढणं त्याच्याही नंतर. दारातच मान वर करून ते स्मोक अलार्म शोधतात, हातातल्या काठीचं रबरी टोक त्याच्या बटणावर टेकवतात, आणि तो किंचाळला की त्यांचा चेहरा उजळतो. "वाजतोय," असं स्वतःशीच म्हणतात आणि मग आपल्याकडे वळून विचारतात, "कशी आहेस?"

ही काठी चालण्यासाठी नाही. जुन्या झाडूचा दांडा कापून, टोकाला खुर्चीच्या पायाचं रबर बसवून त्यांनी ती खास या कामासाठी केलेली आहे. आमची पहिली ओळख या काठीमुळेच झाली. सहा वर्षांपूर्वी मी आणि माझा नवरा निखिल, आम्ही मिशिगनमध्ये, नोव्हाय शहराला लागून असलेल्या एका छोट्या गावात घर घेतलं आणि वास्तुशांत ठेवली. गुरुजी पुण्याहून लॅपटॉपवर होते. गराजमध्ये अॅल्युमिनियमच्या ट्रेत होमाची तयारी झाली होती. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर एक सडपातळ, उंच गृहस्थ आले. शर्टाच्या खिशात टॉर्च, हातात ही काठी. आल्या आल्या त्यांनी अलार्मचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा शांतता.

"हा वाजत नाही," त्यांनी पूजा थांबवून जाहीर केलं.

निखिल सोवळं सावरत म्हणाला, "काका, होमाचा धूर होणार म्हणून मीच सेल काढून ठेवलेत."

"म्हणजे आज घरात तुम्ही मुद्दाम आग लावणार, आणि आजच अलार्म बंद?"

गुरुजी स्क्रीनवरून "यजमान, कोण बोलतंय?" एवढंच विचारत राहिले. काकांनी सेल घालायला लावले, आणि आमची पूर्णाहुती त्या अलार्मच्या किंकाळ्यांमध्ये पार पडली. गुरुजी वरच्या पट्टीत मंत्र म्हणत होते, काका खाली बसून संतोषानं ऐकत होते. आमची वास्तू खऱ्या अर्थानं शांत झाली ती दुपारी तीनच्या सुमारास.

काका मूळचे सांगलीचे. चाळीसेक वर्षांपूर्वी डेट्रॉइटकडे आले आणि गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. आयुष्यभर दुसऱ्यानं बनवलेल्या वस्तूत खोट काढणं हेच काम. निवृत्तीनंतर ब्रेक संपले, पण नजर तीच राहिली. ती घरांकडे वळायला आमच्या गावाचा एक नियम कारणीभूत झाला.

आमच्या गावात घर विकायचं असो की भाड्यानं द्यायचं असो, आधी सिटीचा इन्स्पेक्टर येऊन घर तपासतो. त्याच्याकडे एक लांबलचक यादी असते. जिन्याला कठडा आहे का, सिंकजवळचा प्लग पाणी लागलं की आपोआप बंद पडतो का, खिडक्या उघडतात का, अशी. सगळ्यावर खूण झाली तर सर्टिफिकेट. नाही झाली तर दुरुस्ती करा आणि पुन्हा वेळ घ्या. आता आपल्या लोकांना, परीक्षा म्हटलं की ती कसलीही असली तरी धास्ती वाटते. रोज शंभर माणसांना कामाला लावणारे मॅनेजर सिटीच्या इन्स्पेक्टरसमोर तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखे चुळबुळत असतात. काकांनी हे ओळखलं आणि बोर्डाच्या आधी प्रिलिम घ्यायला सुरुवात केली.

प्रिलिम हा त्यांचाच शब्द. घर विकायला काढलं की लोक काकांना फोन करतात. काका येतात, दोन-तीन संध्याकाळी घर पिंजून काढतात, आणि प्रत्येक गोष्टीला निकाल देतात. पास, नापास, किंवा एटीकेटी. एटीकेटी म्हणजे विषय राहिलाय, पण पुढच्या वर्गात बसायला हरकत नाही. गळणारा नळ एटीकेटी. डुगडुगणारा कठडा नापास. याचं ते काहीही घेत नाहीत. फक्त चहा, आणि असेल तर बरोबर काहीतरी.

त्यांच्या पिशवीत टॉर्च, थर्मामीटर, फूटपट्टी आणि एक स्टीलची वाटी असते. ही वाटी काकूंच्या स्वयंपाकघरातली आहे आणि तोंडाशी बरोबर चार इंच आहे. कठड्याच्या दोन गजांमधून वाटी आरपार गेली की कठडा नापास, कारण जिथून ही वाटी जाते तिथून लहान मुलाचं डोकं जाऊ शकतं. काका वाकून एकेका गजाशी वाटी लावत जिना चढताना दिसले की परक्या माणसाला वाटावं, हा कसला नैवेद्य दाखवतोय. एकदा मी त्यांना आमरस वाढला तर खायच्या आधी त्यांनी वाटी उचलून डोळ्यांसमोर फिरवली. "ही पावणेचार आहे," म्हणाले आणि मग रस प्यायले.

भिडभाड हा प्रकार त्यांच्याकडे नाही. एका घरात देवघरामागे दिव्यांच्या माळेसाठी एक्स्टेन्शन कॉर्ड कायमची लावलेली होती. घरातल्या आजी म्हणाल्या, "अहो, देवाचं आहे ते." काका हात जोडून म्हणाले, "देवालाही एक्स्टेन्शन कॉर्ड चालत नाही. तात्पुरती वस्तू तात्पुरतीच वापरायची." दुसऱ्या एकानं बेसमेंटमध्ये खोली काढून ती भाड्यानं द्यायची ठरवली होती. छान रंग, छान पलंग. काकांनी आत जाऊन एक चक्कर मारली. "खिडकी कुठाय?" "खिडकी नाहीये काका, पण एसी मस्त लागतो." "मग ही खोली नव्हे, कपाट आहे. कपाटात माणूस ठेवत नाहीत." तो गृहस्थ पुढे कित्येक महिने काकांशी बोलत नव्हता. पण त्यानं खोली भाड्यानं दिली नाही, एवढं खरं.

खऱ्या इन्स्पेक्शनच्या दिवशीही काका येतात. आत नाही येत. ड्राइव्हवेवर, म्हणजे दारासमोरच्या गाडीच्या वाटेवर, उभे राहतात, परीक्षेच्या हॉलबाहेर पालक उभे असतात तसे. सिटीचा इन्स्पेक्टर रिक नावाचा एक अवाढव्य, मितभाषी माणूस आहे. गाडीतून उतरल्यावर ड्राइव्हवेवर काका दिसले की तो हसून मान हलवतो आणि त्याच्या हालचालीत जरा सैलपणा येतो. कारण काका असले की त्याला काही सापडत नाही.

काका एकटेच राहतात. म्हणजे शैला काकू आहेत, पण त्या टेक्सासात, ऑस्टिनला मुलीकडे, रश्मीकडे असतात. रश्मीच्या बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी गेल्या, त्याला सहा वर्षं होत आली. भांडणबिंडण काही नाही. रोज संध्याकाळी सात वाजता दोघांचा फोन असतो. कुणाच्या घरी अर्ध्या तपासणीत असले तरी काका सात वाजता बाहेर जाऊन बोलून येतात. दर उन्हाळ्यात काकू पंधरा दिवस येतात, मसाले-चटण्यांचे डबे भरून ठेवतात आणि परत जातात. "तुम्ही का नाही जात काका तिकडे?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "टेक्सासचा उन्हाळा मला सोसत नाही." जानेवारीत विचारलं तरी हेच उत्तर.

यंदा वसंतात निखिलला सांता क्लाराला नोकरी मिळाली. माझी कंपनी तिकडून काम करू द्यायला तयार झाली. घर विकायला काढलं, आठवड्यात गिऱ्हाईक मिळालं. नवं जोडपं, बाई गरोदर, त्यांना लवकर राहायला यायचं होतं. शुक्रवारी सह्या, शनिवारी सकाळी आमचं विमान. मी सगळ्यात आधी काकांना फोन केला.

"विकताय?" काका म्हणाले. मग, "बरं. उद्या येतो."

तीन संध्याकाळी प्रिलिम चालली. काकांनी आमच्या घराला दोन नापास आणि सात एटीकेटी दिले. निखिलनं ऑफिसमधून आल्यावर एकेक विषय सोडवला. तिसऱ्या दिवशी फक्त अॅटिक राहिलं होतं. आमच्या बेडरूममधल्या कपड्यांच्या कपाटाच्या छताला चौकोनी झाकण आहे, ते उचललं की वर माळ्यासारखी ती अंधारी जागा. काका शिडी घेऊन वर गेले. मी खाली भजी तळत होते. शिडी उघडल्याचा आवाज आला, झाकण सरकल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं काका खाली आले, हात धुतले, भज्यांच्या ताटलीशी बसले.

"अॅटिक पाहिलं. पास," म्हणाले.

मंगळवारी सकाळी रिक आला. काका ड्राइव्हवेवर होतेच. रिकनं खालचा मजला पाहिला, जिना पाहिला, मान डोलावली. एरवी काकांच्या भरवशावर तो तेवढंच पाहतो, या वेळी मात्र आपली शिडी लावून तो अॅटिकमध्येही चढला आणि बराच वेळ खाली आलाच नाही. आला तेव्हा त्याच्या फोनमध्ये फोटो होते. बाथरूमच्या पंख्याची वाफ बाहेर नेणारी जाड नळी पंख्यापासून निखळून पडली होती. आमच्या सगळ्या गरम आंघोळींची वाफ दोन हिवाळे सरळ अॅटिकमध्ये जात होती. वरच्या लाकडांवर काळी बुरशी धरली होती.

"हे फार दिवसांचं आहे," रिक म्हणाला. त्यानं फॉर्मवर फेल लिहिलं. गुरुवारची वेळ आहे, म्हणाला, तोवर करून ठेवा.

बाहेर येऊन त्यानं काकांकडे पाहिलं, पण हसला नाही. निखिल त्याच्या मागोमाग आला, फॉर्म हातात घेऊन. तो एरवी शांत माणूस आहे. पण शुक्रवारच्या सह्या, शनिवारचं विमान, घरभर खोकी.

"यार, हेच ते," तो मला म्हणाला. ड्राइव्हवेवर काका उभे आहेत हे त्याच्या लक्षात नसावं. किंवा असावं. "फुकटचा सल्ला असाच असतो. प्रोफेशनल माणूस बोलवायला हवा होता."

काकांनी काठी बगलेत मारली आणि चालू लागले. त्यांचं घर आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे. मी खिडकीतून बघत होते. ते हळू चालत होते, फार हळू, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर त्यांनी बगलेतली काठी काढून जमिनीवर टेकवली.

दुसऱ्या दिवशी निखिल ऑफिसला गेला आणि पाठोपाठ बेल वाजली. काका. त्यांनी छताकडे पाहिलं नाही. बूट काढले, आत आले, आणि हातातली पिशवी जमिनीवर ठेवली.

"मंजिरी, मी वर चढलो नव्हतो," ते म्हणाले. "तिसऱ्या पायरीवर उभा राहिलो, हातानं झाकण सरकवलं, खालूनच टॉर्च मारला आणि उतरलो. माझा डावा गुडघा वाकत नाही. वर्ष झालं."

"मग सांगायचं ना काका. निखिल चढला असता."

"हो." ते खाली बघत म्हणाले. "सांगितलं असतं तर पुढच्या वेळी तुम्ही निखिललाच चढवलं असतंत. मग मला कशाला बोलावलं असतंत?"

मी म्हटलं, चहा करू? ते म्हणाले, आधी काम.

पिशवीतून त्यांनी मास्क, हातमोजे, कपाळाला लावायचा दिवा, चंदेरी टेप, एक धातूचा पट्टा आणि बुरशीवर फवारायची बाटली काढली. सगळं माझ्या मापाचं. म्हणजे मीच चढणार हे ठरवून आले होते. मी कंप्युटरवाली बाई, कधी पंखासुद्धा पुसायला स्टुलावर चढले नव्हते. पण काकांनी शिडी अशी धरली होती की ती हलली असती तर आधी काका हलले असते.

"वर गेल्यावर लाकडी तुळयांवरच पाय ठेव. मधे थंडीसाठी अंथरलेला तो कापूस दिसेल, त्याच्यावर ठेवलास तर थेट पलंगावर येशील."

मी रांगत रांगत पंख्यापर्यंत गेले. फोनवर व्हिडिओ कॉल लावून नळीवर रोखला, खाली काका आपल्या फोनवर बघून सूचना देत होते. आधी पट्टा, मग टेप. नळीला ताण नको. बाटली नीट हलव. दर दोन मिनिटांनी, "पाय कुठाय तुझा?" वर धूळ, उकाडा आणि अंधार. खालून चौकोनातून थोडा उजेड येत होता आणि काकांचा आवाज. त्यांना मी दिसत नव्हते, मला ते दिसत नव्हते. कदाचित म्हणूनच ते बोलायला लागले असावेत.

"ऑस्टिनला मी गेलो होतो," खालून आवाज आला. "एकदा. नात वर्षाची होती, रांगत होती. मुलीचं नवंकोरं घर. मी वाटी घेऊन गेलो नव्हतो, शपथेवर सांगतो. पण स्वयंपाकघरात वाट्या होत्याच."

"मग?"

"वरच्या मजल्यावर कठडा आहे, तिथे एक गज सैल होता. वाटी गेली. मी जावयाला दाखवलं. तो हसला, म्हणाला बघू. आठवडा बघितलं नाही. मग ती दोघं ऑफिसला गेली असताना मी दुकानातून सामान आणलं आणि गज बसवला. रंग थोडा वेगळा आला. संध्याकाळी त्यानं ते पाहिलं." काकांनी फोनवर पाहिलं. "टेप नीट दाबून बसव. कडेनं नखानं दाब."

मी नखानं दाबली.

"ओरडला वगैरे नाही. चांगला मुलगा आहे. एवढंच म्हणाला, बाबा, हे तुमचं घर नाही. खरंच होतं ते. त्याचंच घर आहे. मी म्हटलं, हो. दोन दिवसांनी परत आलो."

"काकूंना माहितीये?"

"तिला उन्हाळा सांगितलाय." मग, "इथे कसं, लोक आपणहून दार उघडतात. म्हणतात, काका, सगळं बघा. कपाटंसुद्धा उघडून देतात. फक्त एवढंच की जायचं ठरलं की मग बोलावतात. ज्याचं घर बघतो, तो महिन्यात गेलेला असतो."

मी खाली उतरले तेव्हा माझ्या केसांत कापूस होता आणि काका शिडी धरून तसेच उभे होते. त्यांनी व्हिडिओतून टिपलेला नळीचा फोटो पुन्हा पाहिला, मोठा करून पाहिला. चहा झाला. मग ते म्हणाले, "आता एक काम राहिलं," आणि फोन टेबलावर ठेवून एका बोटानं टाइप करू लागले. अर्धा तास लागला. आमच्या भागातल्या मराठी लोकांचा एक ग्रुप आहे, त्यावर त्यांनी लिहिलं होतं.

"सर्वांस कळविण्यात येते की गेल्या वर्षभरात मी पाच घरांची अॅटिक न पाहता पास दिली. पैकी चार घरांचे पत्ते खाली दिले आहेत. पाचवे दुरुस्त झाले आहे. ज्यांनी घर विकले आहे त्यांनी नवीन मालकांस कळवावे. चूक माझी आहे. वि. ग. आगाशे."

"पाठवू का?" त्यांनी मला विचारलं.

"काका, कुणी विचारलंही नसतं."

"म्हणूनच विचारतोय, पाठवू का."

मी हो म्हटलं. दुपारपर्यंत ग्रुपवर शांतता होती. इतर वेळी तिथे कुणी कांद्याचे भाव टाकले तरी दहा माणसं बोलतात. मग एकानं नुसता अंगठा टाकला. एकानं लिहिलं, काका, आम्ही तुमच्या भरवशावर होतो, हे बरोबर नाही. त्याला काकांनी उत्तर दिलं, बरोबर नाहीच. संध्याकाळी त्या चारांतल्याच, अजून घर न विकलेल्या एकीचा निरोप आला. शनिवारी येता का? शिडीवर मी चढते, तुम्ही खालून सांगा. काकांनी त्याखाली वेळ लिहिली, दहा वाजता, आणि मास्क मी आणीन.

गुरुवारी रिकनं अॅटिक पाहून फॉर्मवर सही केली. निघताना त्यानं ड्राइव्हवेकडे पाहिलं. काका नव्हते. "तुमचा तो म्हातारा इन्स्पेक्टर कुठाय?" त्यानं विचारलं. मग गाडीत बसता बसता म्हणाला, "टेप फार छान लावलीय म्हणावं." निखिल माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं खिशातून किल्ली काढली आणि एकटाच काकांच्या घराकडे गाडी घेऊन गेला. काय बोलला ते त्यानं मला सांगितलं नाही. परत आला तेव्हा त्याच्या हातात काकूंच्या चटणीचा डबा होता.

शुक्रवारी सह्या झाल्या. घर रिकामं झालं. संध्याकाळी काका निरोप द्यायला आले आणि मला जाणवलं, सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना चहा विचारू शकत नाही. कप नाहीत, पातेलं नाही, शेगडीवर हक्क नाही.

"चल आमच्याकडे," काका म्हणाले.

मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. काल निखिल गेला तेवढाच, एरवी कुणीच गेलं नव्हतं बहुतेक. तेच सगळीकडे जायचे. चार गल्ल्या मी त्यांच्या वेगानं चालले. वाटेत ते कॅलिफोर्नियाबद्दल सांगत होते. तिकडे भूकंप होतात, पाण्याचा हीटर भिंतीला पट्ट्यानं बांधलेला असला पाहिजे, पोचलीस की आधी तो बघ. बांधलेला नसेल तर मालकाला लिहून कळव, तोंडी नको. मी हो हो म्हणत होते.

घर अपेक्षेप्रमाणे लख्ख होतं. पण दिवाणखान्यात शिरले आणि मला ते जरा चमत्कारिक दिसलं. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना मऊ रबरी टोप्या होत्या. भिंतीवरच्या प्रत्येक प्लगमध्ये प्लास्टिकचं झाकण. खालच्या कपाटांना कड्या, त्या उघडायला दोन बोटं एकदम दाबावी लागतात. खिडक्यांच्या पडद्यांच्या दोऱ्या उंच गुंडाळून बांधलेल्या. टीव्ही मागून भिंतीला बांधलेला. आणि जिन्याच्या तळाशी लाकडी फाटक, रांगतं मूल वर चढू नये म्हणून लावतात तसलं.

"काका, हे कुणासाठी?"

"नात येणार होती. तिच्या पहिल्या वाढदिवसानंतर. तेव्हा केलं होतं सगळं." ते स्वयंपाकघरातून बोलत होते. "मग राहून गेलं त्यांचं."

"आता केवढी झाली ती?"

"पाच पूर्ण. जूनमध्ये सहा होतील."

सहा वर्षांची मुलगी ते फाटक एका हातानं उघडेल, कदाचित त्यावरून उडीच मारेल. हे मी बोलले नाही. त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि काकूंनी माझ्यासाठी काहीतरी काढून ठेवायला सांगितलंय, ते वर आहे, म्हणाले. मी आणते म्हटलं तर ऐकलं नाही. जिन्यापाशी जाऊन त्यांनी डावा गुडघा न वाकवता, एका बाजूला कलून, फाटकाची खालची कडी काढली. आत गेले. वळले. पुन्हा तसेच कलून त्यांनी फाटक लावलं, आणि कडी नीट बसलीय ना हे दोनदा ओढून पाहिलं. मग कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागले.